सुकलेला कान आणि बरा झालेला कान

वाचकाचे पत्र : मी ४२ वर्षांचा असून डिचोली तालुक्यातील एका गावात माझे किराणा मालाचे दुकान आहे. सात-आठ वर्षांचा असताना गावच्या तळीत पोहून आल्यावर माझा डावा कान फुटला आणि तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक पावसाळ्यात तो वाहतो. फार्मसीतून थेंब आणून घातले की आठ दिवसांत सुकतो. गेली दोन वर्षे मात्र पूर्वीसारखा पातळ स्राव न येता थोडासा, घट्ट आणि वास मारणारा पू येतो आणि पावसाळा सरला तरी कान पुरता सुकत नाही. ऐकूही कमी येते. गावच्या जत्रेच्या नाटकात मी वीस वर्षे काम करतो. गेल्या वर्षी डाव्या विंगेतला प्रॉम्प्टर काय सांगतो आहे ते मला कळेना, म्हणून त्याला उजव्या विंगेत बसवावे लागले. आमच्या डॉक्टरांनी पडद्याला भोक असल्याचे सांगून मोठ्या इस्पितळात दाखवायला सुचवले आहे. परंतु माझ्या काकांचे कानाचे ऑपरेशन झाल्यावर त्यांचे ऐकणे गेले आणि तोंड वाकडे झाले, असे घरात सगळे सांगतात. आई म्हणते, वाहतो आहे तो वाहू दे, कोंडला तर डोक्यात जाईल. माघात जत्रा आहे आणि यंदा माझ्याकडे मोठी भूमिका आहे. ऑपरेशन खरोखरच लागेल का आणि लागलेच तर ते जत्रेनंतर मे महिन्यात केले तर चालेल का?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण बाकीच्या सगळ्यांचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. ऑपरेशन केव्हा करायचे हे कान पाहिल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही, पण कान दाखवण्याचे काम मे महिन्यापर्यंत ठेवू नका. ते या आठवड्यात किंवा फार तर पुढच्या आठवड्यात करा. असे मी म्हणतो ते तुमच्या पत्रातील एका शब्दामुळे. तो शब्द ‘भोक’ नव्हे, ‘ऐकू कमी येणे’ही नव्हे, तर ‘वास’ हा आहे.

पस्तीस वर्षे कान वाहत असूनही तुम्ही निर्धास्त राहिलात याचे कारण उघड आहे. दर वेळी थेंब घातले आणि दर वेळी कान सुकला, म्हणजे तो बरा झाला असे तुम्ही धरून चाललात. हा समज फार जणांचा असतो आणि आमच्या ओपीडीत सर्वांत जास्त नुकसान मी याच समजाने झालेले पाहिले आहे. थेंबांनी जंतू मरतात, सूज उतरते, स्राव थांबतो. पडद्याचे भोक मात्र जिथल्या तिथे राहते. कौले सरकलेली असताना ऊन पडले म्हणून घर गळायचे थांबले, एवढाच त्याचा अर्थ. आपण गोव्यातले लोक पावसाआधी घर शाकारून घेतो, पण कानाच्या बाबतीत मात्र ऊन पडले की छपराकडे पाहतही नाही.

तळीचा दोष थोडा कमी करतो. पोहण्याने धडधाकट पडदा सहसा फुटत नाही. लहान मुलांना सर्दी-पडसे झाले की नाकाच्या मागच्या भागातून कानाकडे जाणाऱ्या नळीवाटे, म्हणजे युस्टेशियन नळीवाटे, जंतू मधल्या कानात शिरतात, तिथे पू साठतो, रात्रभर ठणका लागतो आणि दाब असह्य झाला की पडदा फुटून पू बाहेर येतो. फुटल्याबरोबर ठणका थांबतो, म्हणून घरच्यांनाही हायसे वाटते. बहुतेक मुलांत हे भोक काही आठवड्यांत आपोआप बुजते. काहींत ते कायमचे राहते. एकदा ते राहिले की बाहेरचे पाणी आत जायला आणि सर्दीतील जंतू नाकाकडून वर यायला अशा दोन्ही वाटा मोकळ्या होतात. तळी, नदी, समुद्र किंवा सांजांवच्या सणाला उडी मारायची विहीर ही त्यानंतरची निमित्ते आहेत. पावसाळ्यात तुमचा त्रास वाढतो तो डोक्यावरून आंघोळ केल्याने जेवढा, तेवढाच त्या दिवसांतील सर्दीने.

आता वासाकडे येतो. वाहणाऱ्या कानाचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. पहिल्यात भोक पडद्याच्या मधल्या ताणलेल्या भागात असते. स्राव पातळ, चिकट, पुष्कळ आणि सहसा बिनवासाचा असतो. सर्दी झाली की वाढतो आणि औषधाने थांबतो. या प्रकाराने ऐकणे कमी होते, माणूस वैतागतो, पण जिवाला धोका क्वचितच होतो. तुमची पहिली तेहतीस वर्षे बहुधा या प्रकारातली असावीत.

दुसऱ्या प्रकारात पडद्याचा वरचा, सैल भाग किंवा कडेचा भाग आत ओढला जाऊन त्याची एक पिशवी तयार होते. पडद्याच्या बाहेरच्या बाजूला साधी कातडीच असते, आणि कातडीचा धर्म असा की तिचे वरचे पापुद्रे सतत झडत राहतात. हातापायावरचे पापुद्रे झडून जातात. या पिशवीतल्यांना बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ते कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकावर एक साठत जातात. या साठ्याला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. तो कॅन्सर नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण नाव ऐकताच माणसे घाबरतात. पण तो वाढतो, कुजतो, म्हणून वास मारतो आणि शेजारचे हाड हळूहळू खात जातो. त्यातून येणारा पू थोडा, घट्ट, कधी रक्ताची झाक असलेला असतो, आणि दुखत तर काहीच नाही. न दुखणे हाच त्याचा लबाडपणा आहे.

हाड खाल्ले जाते म्हणजे काय, हे कानाची जागा डोळ्यांपुढे आणल्यास कळेल. शाळेत शिकलेली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे इथेच आहेत. त्यांतील ऐरणीचा एक लांब, नाजूक दांडा सर्वांत आधी झिजतो आणि ध्वनीची साखळी तुटते. त्यांच्या अगदी जवळून चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस एका पातळ हाडी नळीतून जाते. थोडे मागे-आत तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. आणि वर, काही ठिकाणी कागदासारख्या पातळ हाडाचे छप्पर, त्याच्यावर मेंदू. एवढ्या दाटीच्या जागेत हाड खाणारी वस्तू वर्षानुवर्षे राहू देणे शहाणपणाचे नाही.

तुम्हाला हाच प्रकार झाला आहे असे मी म्हणत नाही. कानात जुना कापसाचा बोळा अडकून राहिला तरी वास येतो. विशिष्ट जंतूंमुळेही येतो. शिवाय आपल्या दमट हवेत, आणि महिनोन्‌महिने अँटिबायोटिकचे थेंब घातल्यावर तर विशेषकरून, कानात बुरशी धरते. तिने कान सुकत नाही, मुख्य म्हणजे प्रचंड खाज सुटते आणि तपासताना भिजलेल्या टीपकागदासारख्या लगद्यावर काळे ठिपके दिसतात. पण पस्तीस वर्षांचा जुना कान, दोन वर्षांपासून बदललेला स्राव, वास आणि उतरत चाललेले ऐकणे या चार गोष्टी एकत्र आल्या की कोलेस्टिॲटोमा नाही याची खात्री करून घेणे हे पहिले काम ठरते.

तुमच्या आईच्या म्हणण्यात निम्मे तथ्य आहे, म्हणून त्यांना हसून उडवून लावू नका. वाहता कान औषधाने सुकवला म्हणून पू डोक्यात जात नाही. उलट वाहत्या कानापेक्षा सुकलेला कान अधिक सुरक्षित. पण वाहणारा कान काही औषध न करता एकाएकी थांबला आणि त्याबरोबर ताप, डोके फुटेल अशी वेदना, ओकाऱ्या किंवा कानामागे लाल दुखरी सूज आली, तर पू खरोखरच आत कोंडलेला असू शकतो. जुन्या पिढीने असे रोगी घरात पाहिले असतील आणि त्यावरून तो नियम बांधला असेल. धोका त्यांनी बरोबर ओळखला, कारण मात्र उलटे धरले.

काकांच्या बाबतीतही मला असाच संशय आहे. त्यांचे तोंड ऑपरेशनने वाकडे झाले की ते वाकडे होऊ लागले म्हणून ऑपरेशन करावे लागले, हे घरात कोणाला नक्की आठवते का ते विचारून पाहा. जुन्या काळी रोगी चेहऱ्याची नस दुबळी झाल्यावर किंवा चक्कर येऊ लागल्यावरच इस्पितळात पोचत असत आणि अशा वेळी रोग काढून जीव वाचवणे हाच हेतू असे, ऐकण्याचा विचार मागे पडे. शस्त्रक्रियेत नसेला इजा होण्याचा धोका आजही शून्य नाही आणि कोणी तो शून्य आहे असे सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण अनुभवी हातात तो फार थोडा आहे, आणि वाढत्या कोलेस्टिॲटोमाने त्याच नसेला असलेला धोका त्याहून मोठा आहे.

तुमच्या ऐकण्याविषयी घरबसल्या एक गंमत करून पाहा. शांत खोलीत बसा, ओठ मिटून ‘म्’ असा सूर लावा आणि तो कोणत्या कानात जास्त घुमतो ते बघा. नाटकात पदे म्हणत असाल तर हे तुम्हाला सहज जमेल. सूर वाहत्या, म्हणजे डाव्या, कानात जास्त घुमला तर ते शुभचिन्ह आहे. ध्वनी आत पोचवणारी यंत्रणा बिघडली आहे, पण आतला कान आणि नस शाबूत आहेत, असा त्याचा साधारण अर्थ होतो. चांगल्या उजव्या कानात घुमला तर आतल्या कानालाही झळ पोचली असण्याची शक्यता वाढते. डॉक्टर नादकाटा कपाळावर टेकवून हेच तपासतात.

याचे नेमके मोजमाप श्रवणचाचणीत, म्हणजे ऑडिओमेट्रीत होते. त्या चाचणीचा कागद हातात आला की स्वतः वाचायला शिका. उजव्या कानाची खूण लाल वर्तुळ, डाव्याची निळी फुली. रेष जितकी खाली, तितके ऐकणे कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणाप्रमाणे २० डेसिबलच्या आतला आवाज ऐकू येणे म्हणजे सामान्य श्रवण. प्रत्येक कानाच्या दोन रेषा असतात, एक हवेतून पोचलेल्या आवाजाची आणि दुसरी हाडातून पोचलेल्या आवाजाची. या दोहोंमधील अंतर म्हणजे पडदा व हाडे यांच्या बिघाडाने झालेला तोटा, आणि शस्त्रक्रियेने भरून निघालाच तर तोच निघतो. नुसते भोक असेल तर हे अंतर सहसा ४० डेसिबलच्या आत राहते. साखळी तुटली असेल तर ते ५०-६० पर्यंत जाऊ शकते. साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते, यावरून प्रॉम्प्टरची कुजबूज का हरवली ते लक्षात येईल. दुकानात तुम्हाला इतकी वर्षे फारसे जाणवले नाही, कारण गिऱ्हाईक समोर असते, ओठ दिसतात आणि उजवा कान दोघांचे काम करतो. रंगमंचावर, अंधाऱ्या विंगेतून, नेमक्या डाव्या बाजूने आलेल्या शब्दाने मात्र डाव्या कानाचे पितळ उघडे पाडले. फोन तुम्ही कोणत्या कानाला लावता आणि ती सवय केव्हा लागली, हेही आठवून पाहा.

दाखवायचे कुठे? म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा थेट बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात जा. तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि आजवर घातलेल्या थेंबांच्या बाटल्या, निदान त्यांची नावे, सोबत न्या. तिथे प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली बारीक नळीने कान शोषून स्वच्छ करतात. यंत्राचा आवाज कानात मोठा वाटतो, क्षणभर गरगरल्यासारखे होते, पण ते लगेच थांबते. अनेकदा निम्मे निदान या साफसफाईतच होते, कारण पू बाजूला झाल्याशिवाय वरचा कोपरा दिसतच नाही. गरज वाटल्यास कानाच्या हाडाचा सीटी स्कॅन सांगतील. नाक आणि नाकामागची जागाही पाहून घेतील. नाक कायम चोंदलेले असेल तर त्यावरही उपचार लागतील. रक्तातील साखर तुम्ही कळवलेली नाही, ती मात्र तपासून घ्याच. मधुमेह असलेल्याला कानात रात्री झोपू न देणारा ठणका लागला तर ते वेगळे आणि गंभीर दुखणे असू शकते.

तोवर घरी काय करायचे ते सांगतो. स्वच्छ टिश्यू पेपरची किंवा कापसाची निमुळती वात वळा, समईच्या वातीएवढी. कानाची पाळी मागे-वर ओढून ती अलगद दाराशी ठेवा, पू शोषून भिजली की टाकून द्या, दुसरी घ्या, आणि कोरडी येईपर्यंत हे करा. काडी, हेअरपिन, आगकाडी काही नको. वात ढकलायची नाही. पुवाने भरलेल्या कानात थेंब घालणे म्हणजे चिखलावर रंग लावणे, आणि तुमच्या थेंबांचा गुण अलीकडे कमी होण्याचे हे एक साधे कारण असू शकते. डॉक्टरांनी दिलेले थेंब घालण्याआधी बाटली मुठीत धरून कोमट करा, नाही तर चक्कर येते. कुशीवर निजून थेंब घालावेत, कानाच्या तोंडाशी असलेला छोटा उंचवटा चार-पाच वेळा हलकेच दाबावा आणि पाच मिनिटे तसेच पडून राहावे. आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवा आणि नंतर काढून टाका. दिवसभर बोळा खुपसून ठेवला की आत वाफसा धरतो. पोहणे बंद.

फार्मसीतून आपल्या मनाने थेंब आणणे मात्र थांबवा. पडद्याला भोक असताना सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनचे थेंब सुरक्षित मानले जातात. जेंटामायसिन, निओमायसिन या जातीची औषधे भोकातून आत पोचली तर आतल्या कानाला इजा करू शकतात, आणि तो तोटा कोणत्याही शस्त्रक्रियेने भरून येत नाही. बाटल्या दोन्ही सारख्याच दिसतात. लसूण घालून कढवलेले खोबरेल तेल कढीत किंवा भाजीत छान लागते. भोक असलेल्या कानात ते बुरशीला खाद्य होते, गरम असले तर भाजते. कानासाठी गोळ्या घेऊन पाहिल्या असतील तर त्यांनी फारसे साधले नाही याचे नवल नाही. अशा जुन्या कानात पोटातून घेतलेल्या औषधापेक्षा थेट थेंबच जास्त कामी येतात.

ऑपरेशनचे म्हणाल तर तपासणीत पहिला प्रकार निघाला, तर ते तुमच्या सोयीने करता येईल. कानाच्या वर कानशिलात जो स्नायू असतो त्यावरचे पातळ आवरण, किंवा कानाच्याच कूर्चेची चकती, घेऊन भोक बुजवतात. चांगल्या हातात दहापैकी आठ-नऊ पडदे धरतात. वुलस्टाइन आणि झॉलनर या जर्मन शल्यविशारदांनी १९५० च्या दशकात सूक्ष्मदर्शक वापरून ही रीत रुळवली. तुमच्या काकांच्या ऑपरेशनच्या वेळी ती सगळीकडे पोचली होती की नाही कोण जाणे. दुसरा प्रकार निघाला तर कानामागच्या हाडात शिरून रोग समूळ काढावा लागतो. तिथे पहिले उद्दिष्ट कान निर्धोक आणि कोरडा करणे हे असते, ऐकणे दुसरे. कधी हाडांची साखळी त्याच वेळी जोडतात, कधी वर्षभराने रोग उरला नाही हे पाहून. ऐकणे सुधारेलच असे वचन कोणी देऊ नये. शंभरात एखाद्याचे त्या कानाचे ऐकणे आणखी जाऊ शकते. काही दिवस जिभेच्या एका बाजूला धातूसारखी चव लागते, कारण चवीची एक नस पडद्याच्या अगदी मागून जाते; ती बहुधा पूर्ववत होते. दोन्ही प्रकारांत पुढची तपासणी चुकवायची नाही. दुसऱ्यात तर ती अनेक वर्षे चालते.

चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली, गरगरून उभे राहता येईना, किंवा मघा सांगितलेला ताप, डोकेदुखी, ओकाऱ्या यांपैकी काही झाले, तर ओपीडीच्या वाराची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तर रात्री, बांबोळी गाठा.

खर्चासाठी गोवा सरकारच्या, २०१६ साली सुरू झालेल्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर ते सोबत ठेवा, त्याची मुदत संपली असेल तर आत्ताच वाढवून घ्या आणि तुमची शस्त्रक्रिया त्यात बसते का ते नोंदणीच्या खिडकीवर विचारा.

राहता राहिली जत्रा. हिशेब तुम्हीच करून पाहा. नवा पडदा धरायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्या काळात पाणी, जोरात नाक शिंकरणे, जड पोती उचलणे आणि विमानप्रवास टाळायचा असतो. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंकायचे. आत्ता पाऊस ओसरतो आहे. दिवाळीच्या सुमारास ऑपरेशन झाले तर माघापर्यंत कान बहुधा भरून आलेला असेल, आणि तालमी तुम्ही बसून, हळू आवाजात करू शकाल. म्हणजे जत्रेसाठी ऑपरेशन पुढे ढकलण्याचे कारण मला तरी दिसत नाही. मोठ्या इस्पितळात तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून उलट घाईचेच कारण दिसते. आणि तपासणीत कोलेस्टिॲटोमा निघून माघाच्या तोंडावरचीच तारीख मिळाली, तर भूमिका दुसऱ्याला द्या. दरम्यान दुकानात वेळेला पोती उचलायला कोण आहे ते ठरवून ठेवा आणि प्रॉम्प्टरला यंदाही उजव्या विंगेतच बसवा.